खाणीच्या गेटवर कोणता कागद चालतो?

वणी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची अडीच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. यजमान २७ वर्षांचे, बारावी झालेले, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. लायसन्स चार वर्षांपूर्वी काढलेलं. जवळच्या शहरात एका संस्थेनं 'मायनिंग सेफ्टी डिप्लोमा आणि पोकलेन-डंपर लायसन्स' असा ६ दिवसांचा कोर्स काढला आहे. फी ४५,००० रुपये. पत्रकावर छापलंय, 'डीजीएमएस मान्यताप्राप्त, कोळसा खाणीत नोकरी शंभर टक्के'. कापसाचे २०,००० घरात आहेत, उरलेले २५,००० ताई बचत गटातून उचलणार आहेत. दुसरीकडे नणंदेचे यजमान ओबी, म्हणजे कोळशावरचा माती-दगडाचा थर, काढणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला आहेत. ते म्हणतात, "कोर्सबिर्स राहू दे, उद्यापासून हेल्पर म्हणून लाग, कागद मागाहून होतात." ताई लिहितात, "सर्टिफिकेट नसलं तर गेटवर उभं करत नाहीत म्हणे. कोर्स केला तर निदान जीवाचा घोर तरी राहणार नाही. मला बाईमाणसाला यातलं कळत नाही, पण पैसे माझ्याच नावावर निघणार. काय करू?"

ताई,

पैसे तुमच्या नावावर निघणार असतील तर हे सगळ्यात आधी तुम्हालाच कळायला हवं. आणि ते कळण्यासारखंच आहे. ४५,००० आत्ता भरू नका. यजमानांना उद्या हेल्पर म्हणूनही पाठवू नका. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. तिला दोन-चार महिने लागतात, पण पैसा बराच कमी जातो आणि जो जातो तो वाया जात नाही.

आधी गेटचं बघू. कोळसा खाणीच्या गेटवर एका कागदानं काम होत नाही. तिथे वेगवेगळे कागद लागतात आणि ते देणारे हातही वेगवेगळे आहेत. वाहन चालवायचं लायसन्स आरटीओ देतं. अंगानं माणूस कामाला लायक आहे, हा दाखला म्हणजे फॉर्म ओ. तो खाणीच्या वैद्यकीय तपासणीनंतर मिळतो, ज्याला सगळे आयएमई म्हणतात. सुरक्षेचं प्रशिक्षण म्हणजे व्हीटीसी, ते खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात होतं. आणि अमुक मशीन अमुक माणसानं चालवावं, अशी लेखी परवानगी त्या खाणीचा मॅनेजर देतो. या चारांपैकी आरटीओचं लायसन्सच तेवढं माणसानं नोकरीआधी स्वतःच्या खिशातून काढायचं असतं. बाकीचे तीन कागद कामावर घेणाऱ्याकडून, कामाच्या आधी आणि कामासाठीच मिळतात. संस्था तुम्हाला या तीन कागदांची नक्कल ४५,००० ला विकते आहे.

व्हीटीसीचा नियम १९६६ चा आहे. उघड्या खाणीत नव्यानं लागणाऱ्याला १२ कामाचे दिवस, जमिनीखालच्या खाणीत २४ दिवस आणि दर ५ वर्षांनी उजळणी. त्याची सोय करणं खाणमालकावर बंधनकारक आहे, ठेकेदाराच्या माणसांसाठीसुद्धा. लहान खाणी मिळून एक केंद्र चालवतात, त्याला ग्रुप व्हीटीसी म्हणतात. बाहेरच्या संस्थेचं ६ दिवसांचं सर्टिफिकेट दाखवलं म्हणून हे १२ दिवस माफ होत नाहीत. म्हणजे कोर्स केला तरी यजमानांना पुन्हा व्हीटीसीत बसावंच लागेल.

आता 'डीजीएमएस मान्यताप्राप्त'. डीजीएमएस म्हणजे खाण सुरक्षा महानिदेशालय, केंद्राच्या श्रम मंत्रालयाखालचं. मुख्यालय धनबादला, पश्चिम विभागाचं कार्यालय नागपुरात. ते परीक्षा घेऊन सक्षमता प्रमाणपत्रं देतं. कोळशात मायनिंग सरदार, ओव्हरमन, मॅनेजर यांना, आणि मँगनीज, चुनखडी, लोहखनिजाच्या खाणींत मेट, फोरमन, ब्लास्टर यांना. पोकलेन ऑपरेटरचं किंवा डंपर ड्रायव्हरचं लायसन्स ते देत नाही. संस्थेला एवढंच विचारा: "मान्यतेच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख द्या, आम्ही नागपूरच्या कार्यालयात दाखवून आणतो." खरं पत्र असेल तर झेरॉक्स लगेच मिळेल. नसेल तर बोलणं दुसरीकडे वळवतील. शंभर टक्के नोकरीबद्दल त्याहून सोपा प्रश्न आहे: कोणत्या ठेकेदाराकडे, किती पगारावर, नोकरी नाही लागली तर फी परत किती दिवसांत? हे पावतीवर लिहून देत नसतील तर पत्रकावरच्या वाक्याला काही किंमत नाही.

तरीही कोर्स बघायचाच असेल, तर यजमानांना संस्थेच्या मैदानावर एक दिवस नुसतं उभं राहायला सांगा. पोकलेनच्या केबिनमध्ये आवर मीटर असतो, इंजिन किती तास चाललं ते त्यावर दिसतं. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा लिहून घ्या. समजा मशीन एक, बॅचमध्ये २० पोरं, रोज ६ तास मशीन चालू, दिवस ६. एकूण ३६ तास, प्रत्येकाच्या वाट्याला दोन तासही येत नाहीत. दोन तासांत पोकलेनच्या लिव्हरवर हातसुद्धा बसत नाही. बूम, आर्म, बकेट आणि स्विंग एकाच वेळी दोन्ही हातांनी चालवायचे असतात, आणि ते सहज जमायला कित्येक दिवस रोज बसावं लागतं. घाईत शिकलेला ऑपरेटर भरलेली बकेट डंपरच्या केबिनवरून फिरवतो. एक मोठा दगड निसटला की खाली बसलेला ड्रायव्हर जातो.

म्हणूनच कोर्स केला की जीवाचा घोर राहणार नाही, हे तुमचं म्हणणं मला जास्त खटकतं. भीती तुम्हाला आहे ती बरोबर आहे. पण कागदानं ती कमी होऊ देऊ नका. उघड्या खाणीत माणसं नेमकी कुठे सापडतात ते सांगतो, म्हणजे यजमानांना घरी काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे डंप, जिथे ओबी टाकतात. डंपर मागे घेत कडेपर्यंत न्यायचा असतो. कडेला मातीचा बांध हवा, त्याला बर्म म्हणतात. खाणीत चालणाऱ्या सगळ्यात मोठ्या डंपरच्या टायरएवढा तरी तो उंच हवा. हा बांध टायर थांबवायला नसतो, ड्रायव्हरला कडेचा अंदाज यायला असतो. बर्मवर टायर टेकवून, जोर लावून मागे घेण्याची सवय लागली की एक दिवस बर्मसकट गाडी खाली जाते. आपल्याकडे वरचा थर काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि सरकते. पावसानंतरच्या पहिल्या पाळीत डंपच्या कडेला समांतर भेग दिसली तर तिथे गाडी न्यायचीच नाही. अलीकडे खाली करायचं आणि डोझरनं पुढे ढकलायचं. गाडी कडेला तिरपी लावायची नाही, काटकोनात लावायची. तिरप्या गाडीचं एक मागचं चाक आधी कडेवर जातं आणि उचललेली बॉडी त्याच बाजूला कलते.

दुसरी जागा डंपरच्या मागे आणि बाजूला. हेल्परचं काम मुख्यतः इथेच, रात्री, धुळीत, हातात टॉर्च घेऊन. मोठ्या डंपरच्या ड्रायव्हरला गाडीला लागून उभा असलेला माणूस दिसत नाही. मागचा तर नाहीच नाही. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर आपण त्यालाही दिसत नाही, हा एक नियम पाळला तरी हेल्पर वाचतात. रिव्हर्स हॉर्न बंद असलेली गाडी मागे घ्यायला सांगितली तर आधी हॉर्न दुरुस्त होऊ दे, असं म्हणायचा कामगाराला हक्क आहे.

तिसरं, उचललेल्या बॉडीखाली जाणं. हायड्रॉलिक पाइप फुटला की बॉडी क्षणात बसते. खाली काम असेल तर आधी लॉक पिन किंवा टेकू लावायचा, मगच जायचं. आणि उचललेली बॉडी विजेच्या तारेला लागली तर केबिनमध्येच बसून राहायचं, दाराच्या हँडलला धरून जमिनीवर पाय टेकवायचा नाही. आग लागली आणि उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून, गाडीला न शिवता लांब उडी मारायची आणि पाय न उचलता, जमिनीवर घासत दूर जायचं. खऱ्या व्हीटीसीत हे करून दाखवतात. यजमान व्हीटीसी करून आले की त्यांना हेच विचारा. सांगता आलं नाही, तर १२ दिवस नुसती हजेरी लागली असं समजा.

आता भाऊजींचं. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि ओळखीशिवाय ठेकेदाराकडे शिरणं सोपं नाही, हेही खरं. हेल्पर म्हणून लागण्यातही काही कमीपणा नाही. बरेच चांगले ऑपरेटर तिथूनच तयार झाले. अडचण 'कागद मागाहून' यात आहे. फॉर्म ओ नाही, व्हीटीसी नाही, म्हणजे त्या माणसाचं नाव खाणीच्या रजिस्टरमध्ये नसतं. पीएफ कापला जात नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा हक्क कायद्यानं जात नाही, पण तो माणूस त्या दिवशी तिथे कामाला होता हेच आधी सिद्ध करावं लागतं, आणि ते करायला तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढणार. साक्ष द्यायला सोबतचे ड्रायव्हर पुढे येत नाहीत, त्यांचीही नोकरी असते.

म्हणून भाऊजींना नाही म्हणू नका, त्यांच्याकडून हे काम करून घ्या: ठेकेदाराचं पूर्ण नाव, कोणत्या खाणीचं काम, नियुक्तीपत्र, आयएमईची तारीख, व्हीटीसीच्या पुढच्या बॅचमध्ये नाव. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यानुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. 'आमच्यात अशी पद्धत नाही' हे उत्तर आता चालत नाही. आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे. त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. १२ तासांची पाळी सांगितली तर वरचे तास पगाराच्या चिठ्ठीवर कसे दिसणार, ते आधीच विचारून घ्या. कोल इंडियाच्या खाणींत ठेकेदाराच्या खाणकामगारांसाठी वेगळे मजुरी दर ठरलेले असतात. त्यांना एचपीसी दर म्हणतात. हातात येणारा पगार त्याच्याशी ताडून बघा.

आयएमई झाली की छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची आणि कानाची तपासणी यांच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि ती तुम्ही घरी ठेवा, पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याबरोबर. १०-१५ वर्षांनी धुळीमुळे फुप्फुसं खराब झाली किंवा ऐकू येईनासं झालं, तर 'कामाला लागताना हे ठीक होतं' याचा तो एकमेव पुरावा असतो. दर ५ वर्षांनी पुन्हा तपासणी होते, तिचीही प्रत ठेवा.

मग खर्च कशावर करायचा? हेवी लायसन्सवर. पण त्याही आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याची चाचणी मुद्दाम करायला सांगा. बीपी आणि साखरही. रंग ओळखण्यात दोष असेल तर तो शेतात कधी कळत नाही. खाणीच्या डॉक्टरकडे कळतो, सगळा पैसा खर्च झाल्यावर. ही तपासणी जवळजवळ फुकट होते. तिच्याआधी कुणालाही एक रुपया देऊ नका.

डोळे ठीक निघाले की लायसन्स बाहेर काढून बघा. त्यावर एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, आहे का, की नुसतं ट्रॅक्टर? व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ लायसन्ससाठी वय २० पूर्ण आणि एलएमव्ही लायसन्सला एक वर्ष झालेलं लागतं. एलएमव्ही असेल तर यजमानांचं दोन्ही बसतं. नुसतं ट्रॅक्टर असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या, ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पुढचं सारथी पोर्टलवर होतं: डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए, शिकाऊ लायसन्स, त्यानंतर ३० दिवस झाले की टेस्ट. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, तेवढ्यात टेस्ट द्यायची. हेवीसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. खरा खर्च तिथे आहे, सरकारी फी थोडी असते. स्कूलमध्ये रोज स्टिअरिंगवर किती वेळ बसवणार ते ठरवून घ्या आणि रिव्हर्सवर भर द्यायला सांगा. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेता येणाऱ्याला ट्रक उलटाच वाटतो. ट्रॉली असली की स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवायची सवय लागते, ट्रकला ते सरळ आहे. ही सवय मोडायला थोडे दिवस लागतात. टेस्टमध्ये बरेच ट्रॅक्टरवाले इथेच अडकतात.

हे लायसन्स यजमानांचं स्वतःचं. खाणीत लागले नाहीत तरी गिट्टीचा टिप्पर, सिमेंट कारखान्याची गाडी, जिनिंगचा ट्रक, कुठेही चालतं. दर ५ वर्षांनी नूतनीकरण, बस. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे कमी शिकलेल्या पण गाडी येणाऱ्या वाचकांनाही ही वाट उघडी आहे.

घरातले २०,००० यातच पुरवायचा प्रयत्न करा. गटाचं कर्ज काढू नका. आणि बँकेचं पीककर्ज असेल तर ते मुदतीत भरणं आधी. मुदत चुकली की पंजाबराव देशमुख योजनेतली व्याज सवलत हातची जाते, मग लायसन्सचा खर्च दुप्पट पडल्यासारखा होतो.

पोकलेन शिकायचंच असेल तर तेही आहे, पण दुसऱ्या टप्प्यावर. यंत्र ऑपरेटरचे कोर्स कौशल्य विकास योजनांखाली उमेदवाराला फुकट मिळतात, बॅच निघाली तर. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवून ठेवा. कोर्स कुठलाही असो, सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की स्किल इंडियाच्या संकेतस्थळावर यजमानांचं नाव उघडलं पाहिजे. नुसता सोनेरी शिक्का चालत नाही.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, त्यांच्यासाठी थोडं.

दगडखाणीत किंवा विहिरीवर सुरुंग लावायचं काम करणाऱ्यांनी दोन वेगळ्या परवान्यांची गल्लत करू नये. खाणीच्या नियमांखाली येणाऱ्या दगडखाणीत ब्लास्टरचं प्रमाणपत्र डीजीएमएसचं लागतं. खाणीबाहेर, म्हणजे विहीर, रस्ता, कालवा यांच्या स्फोटकामासाठी शॉटफायररचा परवाना पेसोचा, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, जिचं मुख्यालय नागपुरातच आहे. एकाच्या कागदावर दुसरं काम करणं हा गुन्हा आहे.

पोराला दहावी-बारावीनंतर खाणीतच पाठवायचं असेल तर नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातली खाणकामाची पदविका बघा. त्यातून ओव्हरमनच्या परीक्षेपर्यंत जाता येतं. सरदार किंवा ओव्हरमन व्हायचं तर प्रथमोपचाराचं आणि गॅस टेस्टिंगचं प्रमाणपत्रही लागतं, ते आधीच करून ठेवावं.

इमारतीच्या कामावर जाणाऱ्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वय १८ ते ६०, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम, नोंदणी शुल्क १ रुपया. एजंट पाचशे-हजार घेतो तो त्याचा धंदा आहे, मंडळाची फी नाही. खोटा ९० दिवसांचा दाखला जोडू नका, पुढे मुलांच्या शिष्यवृत्तीच्या वेळी तोच आड येतो. आणि उंचीवर सेफ्टी बेल्टचा हूक नेहमी डोक्याच्या वर अडकवा, परांचीच्या बांबूला नाही. १.८ मीटरची दोरी पायाशी अडकवली तर ती ताणली जाईपर्यंत पाय ३ मीटरच्या खाली गेलेले असतात. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बेल्ट असून जमिनीवर आपटतो तो यामुळे.

ताई, आणखी एक काम तुमच्या हातून होण्यासारखं आहे. तुमच्या गावातून अशी पोरं आणखी असतील, त्यांच्याही घरी ही पत्रकं पोचली असतील. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो आणि कौशल्य प्रशिक्षण हा त्याच्या प्राधान्याच्या विषयांपैकी एक आहे. एकेकट्यानं ४५,००० भरण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव घ्या: गावातल्या इतक्या तरुणांना हेवी लायसन्स आणि यंत्र ऑपरेटरचं प्रशिक्षण प्रतिष्ठानच्या निधीतून मिळावं. ठरावासोबत यादी जोडा, त्यात प्रत्येकाचं वय, शिक्षण, सध्याचं लायसन्स आणि ते कधीपासूनचं आहे एवढं लिहा. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. बचत गटाच्या बैठकीत विषय काढलात तर यादी एका संध्याकाळी तयार होईल.